निकाल लागला, मग भांडण का मिटलं नाही?

बांध कोरला म्हणून केस झाली. मोजणी झाली, खुणा रोवल्या, तारखांवर तारखा पडल्या आणि कित्येक वर्षांनी निकाल लागला. एक जिंकला, दुसरा हरला. कोर्टाच्या दृष्टीने भांडण संपलं. तरीही जिंकलेल्याच्या विहिरीवरची केबल रात्री कोणीतरी तोडतं, हरलेल्याच्या घरची लग्नपत्रिका शेजारी पोचत नाही, आणि दोन्ही घरांतली पोरं एकाच एसटीने शाळेला जाताना एकमेकांकडे बघत नाहीत. पुढच्या वर्षी पाण्याच्या पाळीवरून पुन्हा बाचाबाची होते आणि पोलीस ठाण्यात दोन्हीकडून तक्रारी पडतात.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत हे कोणाला सांगावं लागत नाही. भीमा, घोड, मुळा-मुठा यांच्या पाण्यावरचा ऊस, कालव्याच्या पाळ्या, वाटण्या होत होत एकरावरून गुंठ्यावर आलेली शेतं, आणि रांजणगाव-कुरकुंभच्या एमआयडीसींमुळे चढलेले जमिनीचे भाव. भांडायला कारणं भरपूर आहेत आणि त्यासाठी कायदेही आहेत. मग निकाल लागूनही भांडण का उरतं? या प्रश्नाचं एक उत्तर जगभर गेल्या पन्नासेक वर्षांत आकाराला आलं आहे. त्याला ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ म्हणतात. मराठीत पुनर्स्थापनात्मक न्याय. शब्द जड आहे, कल्पना सोपी आहे. ती समजून घेण्यासाठी आधी शिरूर तालुक्यातच, दीडशे वर्षं मागे जाऊ.

करडे गावचा हुकूमनामा

1874 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध कोर्टातून हुकूमनामा मिळवला, घराचा ताबा घेतला आणि घर पाडलं. कायद्याने यात काही चूक नव्हती. कर्ज होतं, कागद होता, कोर्टाची मोहोर होती. पण गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची जमीन कोणी कसेना, पाणी कोणी भरेना, हजामत कोणी करेना. ही ठिणगी आसपासच्या गावांत पसरली आणि 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात दंगल पेटली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं आणि आजच्या दौंडचा मुलूखही त्याच तालुक्यात मोडत असे. पुणे आणि नगर जिल्ह्यांत उठलेले हेच ते दख्खनचे दंगे. 951 जणांना अटक झाली, 501 जणांना शिक्षा झाली.

या दंग्यांची एक गोष्ट फार बोलकी आहे. जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खतं, रोखे आणि चोपड्या यांच्या होळ्या झाल्या. ज्या कागदामुळे आपलं म्हणणं कोणी ऐकून घेत नाही, तो कागदच जाळायचा, असा तो हिशोब होता. सावकारी दाव्यांत कुणबी बहुतेक वेळा कोर्टात हजरच होत नसे. निकाल एकतर्फी लागत. रोखा खरा की खोटा एवढंच पाहिलं जाई. मुद्दल किती, व्याज कसं चढलं, रोखा किती वेळा बदलला, हे विचारायला कोणी नव्हतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्यात दोन तरतुदी त्या काळाच्या मानाने धाडसी होत्या. एक म्हणजे कोर्टाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराची सगळी हकिगत सुरुवातीपासून तपासायची. दुसरी म्हणजे शेतकऱ्याविरुद्ध दावा लावण्याआधी सरकारने नेमलेल्या समेटकाकडे जायचं. समेट होत नाही असा त्याचा दाखला मिळाल्याशिवाय दावा दाखल होत नसे. पुण्यात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी, विशेषतः सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी, याच दशकात लवाद कोर्टाची चळवळ चालवली होती. सरकार आणि सरकारचे टीकाकार, दोघांनाही एकच गोष्ट कळली होती: हुकूमनाम्यामुळे दावा निकाली निघतो, पण गावातला संबंध त्याने सांधला जात नाही.

तीन प्रश्न बदलतात

आपली नेहमीची न्यायपद्धत तीन गोष्टी विचारते. कोणता कायदा मोडला? कोणी मोडला? त्याला काय शिक्षा द्यायची? गुन्हा हा सरकारविरुद्धचा अपराध मानला जातो, म्हणून खटला ‘सरकार विरुद्ध अमुक’ असा चालतो. ज्याचं डोकं फुटलं तो त्या खटल्यात साक्षीदार असतो. साक्ष झाली की त्याचं काम संपतं. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्ती यांनी 1977 मध्ये यावर एक तिखट मुद्दा मांडला: भांडण ही भांडणाऱ्यांची मालमत्ता असते आणि वकील-न्यायाधीश ती त्यांच्या हातून काढून घेतात.

पुनर्स्थापनात्मक पद्धतीत प्रश्न वेगळे असतात. कोणाचं काय नुकसान झालं? ते भरून निघायला काय लागेल? आणि ते भरून देण्याची जबाबदारी कोणाची? यात केंद्रस्थानी येतो तो सोसणारा. त्याला बहुतेक वेळा पैशांपेक्षा आधी उत्तरं हवी असतात. माझ्याच घरात का शिरलास? पुन्हा येणार आहेस का? त्या रात्रीपासून माझी आई एकटी झोपत नाही, हे तुला माहीत आहे का? कोर्टात हे प्रश्न विचारायला जागा नसते आणि आरोपीचा वकील त्याला गप्प राहण्याचाच सल्ला देतो. केलेलं कबूल करणं म्हणजे खटला हरणं, अशीच त्या खेळाची रचना आहे.

मोडलेल्या हाताला हाड न बसवताच प्लास्टर घातलं तर हाड सांधतं, पण वाकडं. नुसत्या शिक्षेने सुटलेल्या भांडणांचं तसंच होतं.

या पद्धतीची आधुनिक सुरुवात म्हणून जिचा दाखला देतात ती घटना 1974 ची, कॅनडातल्या एल्मायरा गावची. दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत 22 ठिकाणी तोडफोड केली. मार्क यांत्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांपुढे एक वेगळीच सूचना ठेवली: या पोरांनी प्रत्येक घरी जाऊन माणसांना भेटावं. न्यायाधीशांनी मान्य केलं. दोघे दारोदार गेले, लोकांचं ऐकून घेतलं आणि काही महिन्यांत नुकसानीचे पैसे फेडले. पुढे 1989 मध्ये न्यूझीलंडने माओरी समाजाच्या बैठकीच्या रीतीवरून धडा घेऊन अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांसाठी ‘कुटुंब-बैठक’ कायद्यातच आणली.

बैठक चालते कशी

इथे मराठी वाचक म्हणेल, यात नवीन काय? आमच्याकडे पंच होते, गोतसभा होती. खरं आहे. मराठेशाहीत वादी-प्रतिवादी आधी ‘राजीनामा’ लिहून देत, म्हणजे पंचांचा निवाडा मान्य करू अशी लेखी कबुली. निवाडा झाल्यावर हरणारा ‘यजितखत’ लिहून देई, म्हणजे आपली बाजू खोटी ठरली हे तो स्वतः मान्य करी. हरलेल्याकडून कबुली घेण्याची ही रीत हुशारीची होती. पण त्या सभेत कोण बसे आणि कोण बाहेर उभा राहे, हेही विसरायला नको. पंचांची जात आणि वजन निवाड्यात उतरत असे, आणि बाईचं म्हणणं बहुधा कोणीतरी पुरुष मांडत असे.

आजची बैठक पंचायतीपेक्षा वेगळी ठरते ती मुख्यतः तयारीमुळे. समजा, दौंड तालुक्यातल्या एका वाडीत अठरा-एकोणीस वर्षांच्या दोन पोरांनी शेजाऱ्याच्या ठिबकच्या नळ्या कापल्या. रीतसर बैठक करायची तर आयोजक आधी पोरांना स्वतंत्र भेटतो. त्यांना केलेलं कबूल आहे का? नसेल तर विषय तिथेच थांबतो. कोणी गुन्हा केला हे ठरवणं कोर्टाचं काम आहे, बैठकीचं नाही. मग तो शेजाऱ्याला, त्याच्या बायकोला, आईवडिलांना भेटतो. बसायची इच्छा आहे का, कशाची भीती वाटते, सोबत कोण हवं, हे विचारतो. ‘नको’ म्हणायची मुभा दोघांनाही असते आणि ती खरीखुरी असावी लागते. बहुतेक वेळ या भेटींतच जातो. प्रत्यक्ष बैठक कदाचित दोन तासांत आटोपेल, तयारीला कित्येक आठवडे लागू शकतात.

बैठकीत सगळे गोलात बसतात. पहिल्यांदा पोरं सांगतात की काय केलं आणि तेव्हा डोक्यात काय चाललं होतं. मग शेजारी सांगतो. तो नळ्यांच्या किमतीपासून सुरुवात करतो आणि हळूहळू दुसरंच बाहेर येतं: ऐन भरात आलेलं पीक सुकलं, सोसायटीचं कर्ज थकलं, बायकोने रात्री मळ्यात राहायला नकार दिला. पोराची आई तिथेच बसलेली असते. पोराला खरी लाज वाटते ती तिच्यासमोर, फौजदारासमोर नाही. ऑस्ट्रेलियाचे जॉन ब्रेथवेट यांनी 1989 च्या पुस्तकात याच लाजेचा उलगडा केला आहे. एका प्रकारची लाज माणसाला कायमची बाहेर ढकलते: चोर म्हणून शिक्का बसला की तो चोरच होतो. दुसऱ्या प्रकारची लाज कृत्याला वाईट म्हणते, पण माणसाला परत घेण्याचं दार उघडं ठेवते. बैठकीचं सगळं कसब ही दुसरी लाज जागवण्यात आहे.

शेवटी ठराव होतो आणि तो मोघम चालत नाही. ‘पुन्हा असं करणार नाही’ हा ठराव नव्हे. नळ्यांचे किती पैसे, किती हप्त्यांत. किती दिवस मळ्यात काम. कोणी लक्ष ठेवायचं. कोणत्या तारखेला पुन्हा बसायचं. ती तारीख पाळली जाते की नाही, यावर बैठकीचं यश ठरतं.

चौकट: गोलात विचारायचे प्रश्न
ज्याने केलं त्याला: काय झालं? तेव्हा मनात काय होतं? आता काय वाटतं? कोणाकोणाला झळ बसली?
ज्याने सोसलं त्याला: त्या वेळी काय वाटलं? तेव्हापासून काय बदललं? सगळ्यांत जड काय गेलं?
दोघांना: हे सावरायला काय करावं लागेल, आणि कधीपर्यंत?
‘का केलंस?’ हा प्रश्न शक्यतो टाळतात. त्यातून सबबी निघतात.

शाळेत: छडी गेली, पुढे काय?

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शाळेत मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. छडी गेली, पण तिच्या जागी काय ठेवायचं हे फारसं कोणी शिकवलं नाही. म्हणून ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ हा आपला सार्वत्रिक उपाय. वडिलांची रोजंदारी बुडते, ते घरी जाऊन पोराला बडवतात, म्हणजे छडी फक्त शाळेतून घरी गेली.

या दोन तालुक्यांत गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची मुलं वर्षाच्या मध्येच वर्गात येतात. त्यांच्या बोलीवरून, कपड्यांवरून चिडवणं होतं. कोणाचा कंपास लपवला जातो, कोणाचा डबा सांडतो. अशा वेळी चिडवणाऱ्याला बाकावर उभं केलं तर तो शाळा सुटल्यावर त्याचं उट्टं काढतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या एका माध्यमिक शाळेत 1994 मध्ये मार्ग थॉर्सबोर्न यांनी मारामारीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंची मुलं आणि पालक एकत्र बसवून पाहिले. शाळांतल्या या पद्धतीचा उगम तिथला मानतात. पण अनुभवातून शाळांना पुढे कळलं की भांडण झाल्यावर बसणं हा छोटा भाग आहे. आठवड्यातून एकदा वर्गाने गोलात बसायचं, हातात डस्टर असेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असा सराव आधीपासून असेल तरच संकटाच्या दिवशी मुलं बोलतात. ज्या मुलाचं नाव वर्गाला नीट माहीत आहे, त्याचा कंपास फोडणं जरा अवघड जातं.

गुण सांगताना मर्यादाही सांगायला हवी. अमेरिकेत पिट्सबर्गच्या शाळांत रँड या संशोधन संस्थेने केलेली मोठी पाहणी 2018 च्या शेवटी प्रसिद्ध झाली. शाळेतून काही दिवस काढून टाकण्याचं प्रमाण घटलं, वातावरण सुधारल्याचं शिक्षकांनी सांगितलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे अभ्यासातले निकाल घसरले. वेळापत्रकात आणखी एक उपक्रम कोंबून हे होणार नाही, एवढा धडा त्यातून नक्की घ्यावा.

तंटामुक्त गावाने काय कमावलं, काय सोडलं

15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांचा त्यामागे ध्यास होता. ग्रामसभेने समिती निवडायची, तिने नवे तंटे होऊ द्यायचे नाहीत आणि जुने दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवायचे. फौजदारीत अर्थातच कायद्याने तडजोड होऊ शकते तेवढेच. चांगलं काम करणाऱ्या गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस. एवढ्या मोठ्या प्रमाणावर गावालाच न्यायाच्या कामात घेण्याचा हा प्रयोग देशात वेगळाच होता. कोर्टात जाण्याआधी बसून बोलायचं, ही सवय अनेक गावांना त्यानेच लावली.

तरीही माझ्या मते तिथे एक मूळ चूक झाली. गुण मिळत ते ‘किती मिटले’ याचे. मग समितीला घाई होते. दोघांना एकदम बोलावलं जातं, ग्रामपंचायतीसमोर गर्दी जमते, कोणीतरी वडीलधारा म्हणतो, ‘जाऊ द्या आता, गावाची अब्रू आहे.’ ज्याने सोसलं त्यालाच मन मोठं करायला सांगितलं जातं. नवऱ्याच्या माराबद्दल बोलू पाहणाऱ्या बाईचं प्रकरणही असंच ‘मिटतं’. गावाची शांतता हा हेतू ठेवला की दुबळ्याला गप्प बसवणं हाच सर्वांत सोपा मार्ग ठरतो.

बळाचा हा प्रश्न या पट्ट्यात विशेष जड आहे. इथे पारधी वस्त्या आहेत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं त्यांच्या कपाळावरचा शिक्का कागदावरून 31 ऑगस्ट 1952 ला पुसला गेला. गावात चोरी झाली की पहिला संशय मात्र आजही तिकडेच जातो. वस्तीवरचा पोरगा आणि बागायतदार एका सतरंजीवर बसले म्हणून समान होत नाहीत. आयोजकाने पोराच्या बाजूला त्याच्या विश्वासाचं माणूस बसवलं नाही, तर ती बैठक म्हणजे जुनी चावडीच.

जमिनीच्या भांडणासाठी सरकारची एक योजना मात्र चोख विचारातून आली आहे. 2023 ची ‘सलोखा’ योजना. दोन शेतकऱ्यांच्या जमिनी किमान 12 वर्षं एकमेकांच्या ताब्यात असतील आणि दोघे राजी असतील, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क फक्त 1,000 रुपये आणि नोंदणी फी 1,000 रुपये. राजी होणं स्वस्त केलं की माणसं राजी होतात, हे कोणाला तरी उमगलं.

कारागृह: अर्धी वाट

कैद्याला माणसांत परत आणण्याचा सर्वांत सुंदर मराठी प्रयोग आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा. औंध संस्थानने 1939 मध्ये, मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून, दीर्घ शिक्षेच्या कैद्यांची ही भिंतीविना वसाहत उभारली. कैदी कुटुंबासह राहून शेती करत. व्ही. शांताराम यांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला. येरवड्यातही खुलं कारागृह आहे. 1 मे 2022 पासून राज्य सहकारी बँकेच्या ‘जिव्हाळा’ योजनेतून कैद्याला कुटुंबासाठी 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळू लागलं.

हे सगळं चांगलं आहे, पण ज्याच्याविरुद्ध गुन्हा घडला तो यात कुठेच नाही. कैदी संचित रजेवर गावी येणार असला की पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. मयताच्या घरचे घाबरतात, हरकत घेतात, किंवा काही दिवस दार लावून बसतात. दोन्ही घरांशी कोणीतरी आधी बोलावं, अशी ही नेमकी वेळ. आणि नेमकी तेव्हाच कोणी बोलत नाही. परदेशांतला पुरावा इथे उपयोगी आहे. समोरासमोर बैठकांच्या दहा नियंत्रित चाचण्यांचा आढावा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण माफक पण निश्चित घटलं, सोसणाऱ्यांचं समाधान वाढलं, आणि परिणाम मालमत्तेच्या गुन्ह्यांपेक्षा हिंसेच्या गुन्ह्यांत जास्त दिसला. आपला अंदाज बरोबर उलटा असतो.

कायदाही थोडा सरकला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली. 5,000 रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि ऐवज परत केला, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा.

मग निबंधाचं काय?

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध घातला. लोक खवळले. मुलांना सुधारायचं म्हणता ते हेच का, असं अनेकांनी विचारलं. हे ते नव्हे. त्यात मृतांच्या आईवडिलांना कोणी विचारलं नव्हतं, कबुली नव्हती, भरपाईचा ठराव नव्हता. सोसणाऱ्याला वगळून दिलेली सवलत म्हणजे नुसती सवलत.

काही प्रकरणांत तर बैठक घ्यायचीच नसते. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेने किंवा समितीने ते ‘मिटवणं’ हाच गुन्हा. जातपंचायतीच्या दंड-बहिष्काराला तर 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने मनाईच आहे. जिथे एकाला दुसऱ्याची दहशत आहे, तिथेही गोल करू नये.

तुमच्या गावातही तंटामुक्ती समिती असेल, निदान कागदावर. पुढच्या ग्रामसभेत तिच्या अध्यक्षपदासाठी ओढाताण होईल तेव्हा दोन मागण्या जरूर करा: दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळं भेटल्याशिवाय समितीने कोणतीही बैठक लावू नये, आणि प्रत्येक ठरावानंतर तीन महिन्यांनी सोसणाऱ्याच्या घरी जाऊन ठरल्याप्रमाणे झालं का हे विचारून त्याची नोंद रजिस्टरला ठेवावी. याला सरकारी निधी लागत नाही.